दोन कवाडांची गोगलगाय

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. संसारी माणसासाठी हा उपदेश शहाणपणाचा असेल. परंतु प्राणिशास्त्राचा अर्धा इतिहास कूळ शोधण्याचाच आहे. एखादा जीव हाती आला की तो कोण, कोणाचा, त्याचे भाऊबंद कोठे आहेत, हे विचारल्याशिवाय त्या शास्त्राला चैन पडत नाही. आजच्या आमच्या विषयाचा नायक अंगाने फार लहान आहे. करंगळीच्या नखावर तो सहज मावेल. त्याला आवाज नाही, विष नाही, बाजारात त्याला किंमत नाही. तरी या जीवाने १९५९ साली जगातील प्राणिसंग्रहालयांतल्या जुन्याजाणत्या पंडितांना आपापले खण पुन्हा उघडावयास लावले. तो एवढा कोण होता, आणि त्याचे कूळ ओळखावयास शंभर वर्षे का लागली, हे आज आपण पाहू.

आरंभ आपल्या घरापासून करू. कोकणपट्टीतील कोणत्याही बाजारात जा. मासळीच्या पाटीशेजारी तिसऱ्या असतात, कालवे असतात, खुबे असतात. त्या विकणाऱ्या बाईला शंख आणि शिंपला यांतला भेद शिकवावा लागत नाही. शंख म्हणजे एकाच तुकड्याचे, पिळाचे घर. त्याला एकच तोंड असते आणि त्यातून प्राणी डोके बाहेर काढून पोटावर सरकतो. शिंपला म्हणजे बिजागरीवर जोडलेली दोन कवाडे. ती आतून घट्ट मिटतात, आणि उकळत्या पाण्यात पडली की उघडतात. डबीसारखा हा प्रकार आणि शिंगासारखा तो प्रकार, यांत कोणाची गफलत होत नाही.

हा भेद जितका आपल्या बाजारातला आहे, तितकाच तो विद्येतलाही आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने कवचधारी प्राण्यांची वाटणी करताना एक कवाड, दोन कवाडे आणि पिळाचे कवच असेच गट केले होते. त्यानंतर दोन हजार वर्षांनी, १७५८ साली, स्वीडनच्या लिनिअसने आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांची आजची शास्त्रीय नावे त्या आवृत्तीपासून धरली जातात. तिच्यातही कवचधारी जीव एककवाडी, दुकवाडी आणि बहुकवाडी असेच मांडलेले आहेत. म्हणजे मासळीबाजार, ॲरिस्टॉटल आणि लिनिअस या तिघांचे एका गोष्टीवर एकमत होते. अशा एकमताचा धाक मोठा असतो.

कवचावरून आतील प्राण्याकडे शास्त्राचे लक्ष वळवले ते मुख्यतः फ्रान्सच्या क्यूव्हिएने. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने या मऊ अंगाच्या प्राण्यांची चिरफाड करून आतील रचना पाहिली. शंखातला प्राणी पोटाच्या रुंद तळव्यावर चालतो, म्हणून त्याने त्याला ‘पोटात पाय असलेला’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. आपल्या शास्त्रीय मराठीत आपण त्याला उदरपाद म्हणतो. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपल्या आजीबाईंनी क्यूव्हिएला विचारून केलेली नाही. परंतु दोघांनी पाहिलेली गोष्ट एकच होती. शिंपल्यातल्या प्राण्याला क्यूव्हिएने ‘डोके नसलेला’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि तेही खरेच आहे. तिसरी उघडून पाहा. तिला स्नायू आहेत, कल्ले आहेत, पाय आहे, परंतु डोके म्हणावे असे काही नाही. शंखातल्या प्राण्याला डोके असते, बहुधा डोळे असतात, आणि तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असते. तिला रेत्रिका म्हणतात. शिंपल्याच्या वर्गात रेत्रिका एकाही जातीला नाही. ही दोन लक्षणे, डोके आणि रेत्रिका, ध्यानात ठेवावीत. पुढील सारा निवाडा त्यांच्या साक्षीवर व्हावयाचा आहे.

आता त्या शंभर वर्षांकडे वळू. १८६२ साली अमेरिकेतील बॉस्टन शहराचे डॉक्टर आणि शंखशास्त्रज्ञ ऑगस्टस गूल्ड यांनी हवाई बेटांकडील एका इवल्याशा सुंदर शिंपल्याचे वर्णन केले आणि तिला ‘ज्युलिया एक्स्क्विझिटा’ असे नाव दिले. दोन कवाडे होती. तेव्हा ती शिंपला, हे सांगावयास नकोच होते. पुढे १८७५ साली, शंखशास्त्राचे एक प्रसिद्ध नियतकालिक चालविणारे फ्रान्सचे इपोलीत क्रॉस यांनी पॅरिसच्या आसपासच्या थरांतून मिळालेल्या एका जीवाश्माला ‘बर्थेलिनिया एलेगन्स’ असे नाव दिले. तो थर इओसीन काळातला, म्हणजे ढोबळ मानाने चार-पाच कोटी वर्षांपूर्वीचा. तेथेही दोन कवाडे होती, शिंपलाच.

१८८५ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एडगर स्मिथ यांनी ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीत जमलेल्या शिंपल्यांचा अहवाल लिहिला. त्यात त्यांनी ज्युलियाच्या नावाने स्वतंत्र कूळ मानले. १९११ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील गॅटलिफ आणि गेब्रिएल यांनी तिकडच्या किनाऱ्यावरील आणखी एक लहान शिंपला ‘एडेंटेलिना टिपिका’ या नावाने नोंदवला. १९१८ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील विल्यम डॉल यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील एक शिंपला ‘सिंटिला क्लोरिस’ म्हणून नोंदवला. क्लोरिस हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ हिरवट. नावात हिरवा रंग आला, परंतु तो रंग बाळगणारा प्राणी कोण, हे कळले नाही.

अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि पुन्हा अमेरिका. ही माणसे उथळ नव्हती. डॉल यांच्यासारख्याने तर आयुष्यात हजारो जातींची नावे ठेवली. त्यांच्या हाती जे आले, ते त्यांनी काळजीने मोजले, चितारले, वर्णिले. मात्र त्यांच्या हाती आले ते घर. घरधनी आला नाही. वाळूत सापडलेले, प्राणी मरून सुटलेले कवच कापसात गुंडाळून खणात ठेवावयाचे आणि त्याच्या आकारावरून कूळ ठरवावयाचे, ही त्या काळची रीत होती. या रीतीने शेकडो वेळा बरोबर उत्तर मिळाले होते, आणि म्हणूनच ती एखादे वेळी फसवील अशी शंका येण्यास कारण नव्हते.

आता जपानकडे जाऊ. होन्शू आणि शिकोकू या बेटांच्या मध्ये जो निवांत, बेटांनी भरलेला समुद्र आहे त्याला सेतो अंतर्समुद्र म्हणतात. त्याच्या उत्तर काठावर ओकायामा प्रांतात तामानो नावाचे गाव आहे. बोटी बांधण्याच्या धंद्यासाठी आणि शिकोकूकडे जाणाऱ्या नावांसाठी ते प्रसिद्ध होते. तेथे ओकायामा विद्यापीठाची एक सागरी प्रयोगशाळा होती आणि तिच्याशी संबंध असलेले प्राध्यापक होते शिरो कावागुती. या गृहस्थांचा पूर्वेतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. महायुद्धापूर्वीच्या काळात पालाऊ बेटांवर जपानचे एक उष्णकटिबंधीय जीवशास्त्रकेंद्र होते. तेथे कावागुतींनी पोवळ्यांचा अभ्यास केला होता. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते आणि दोघांचा संसार एकत्र चालतो. या सहवासाचा छडा लावण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. प्राणी कोठे संपतो आणि वनस्पती कोठे सुरू होते, त्या सीमेवर पाहण्याची त्यांच्या डोळ्यांना सवय झाली होती.

त्या किनाऱ्यावर कॉलर्पा नावाचे हिरवे समुद्रशैवाल उगवते. कावागुतींना कॉलर्पाच्या ज्या जातीवर हा प्राणी मिळाला तिचे नाव कॉलर्पा ओकामुराय. हिरव्या फांद्यांवर हिरवीच इवलीशी शिंपली बसलेली होती. रंग इतका मिळताजुळता की वरवर पाहणाऱ्यास ती दिसूच नये. शिंपले खडकाला चिकटून बसते, वाळूत पुरून घेते, लाकडात भोक पाडते. हे सारे ठाऊक होते. ही शिंपली मात्र शैवालावरून रांगत होती. तिच्या दोन कवाडांमधून पुढे डोके आले होते, डोक्यावर दोन शिंगे होती, डोळे होते, आणि मागे गोगलगायीसारखा लांब, मऊ पाय पसरला होता. धोका वाटला की सारे अंग आत ओढून ती कवाडे मिटून घेई, आणि मग ती पुन्हा तिसरीच्या लहान बहिणीसारखी दिसे.

आम्ही क्षणभर त्या माणसाच्या जागी उभे राहू. डोळ्यांपुढे जो जीव आहे त्याचे घर एका वर्गाचे आणि घरधनी दुसऱ्या वर्गाचा. येथे दोनच मार्ग संभवतात. एक तर हा शिंपल्याच्या वर्गातला असा प्राणी आहे की ज्याला कोणत्या तरी रीतीने डोके फुटले. किंवा हा गोगलगायीच्या वर्गातला असा प्राणी आहे की ज्याने दोन कवाडे धारण केली. दोन्ही गोष्टी त्या दिवसापर्यंत अशक्य मानल्या जात होत्या. अशक्यांपैकी कोणते अशक्य पत्करावयाचे, हा प्रश्न होता.

कावागुतींनी यासाठी योग्य माणूस गाठला. ओसाकाचे किकुतारो बाबा हे जपानमधील समुद्रगोगलगायींचे मोठे जाणकार होते. जपानच्या सम्राटांना स्वतः सागरी प्राण्यांचा नाद होता आणि त्यांनी सागामी उपसागरातून गोळा केलेल्या समुद्रगोगलगायींवर बाबांनी १९४९ साली ग्रंथ लिहिला होता. अंगावर कवच नसलेले किंवा नावापुरते कवच असलेले, रंगीबेरंगी, मऊ, आणि मेल्यावर बाटलीतल्या मद्यार्कात रंग-रूप गमावणारे हे प्राणी. त्यांची ओळख कवचावरून पटतच नाही. आतले अवयव, विशेषतः दात, पाहावे लागतात. म्हणजे शंखशास्त्रज्ञ ज्यावर भरवसा ठेवीत ते कवच बाबांच्या लेखी दुय्यम होते. या प्राण्याच्या नशिबाने तो अशा परीक्षकापुढे आला की ज्याची भिस्त घरावर नव्हती, घरधन्यावर होती.

त्यांच्या परीक्षेत प्राण्याच्या तोंडात रेत्रिका सापडली. तिच्यातील दात एकाच रांगेत, एकापाठोपाठ एक, लहानशा सुऱ्यांसारखे होते. आणि झिजलेले जुने दात बाहेर न पडता आतल्या एका पिशवीत साठून राहिले होते. ही खूण जाणकाराला पुरेशी होती. उदरपादांमध्ये नेमकी अशी दातांची पिशवी बाळगणारा एक गट आहे. १८७६ साली फॉन इहेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘पिशवीजिभ्या’ असा करता येईल. या गटातील बहुतेक प्राणी हिरव्या शैवालावर जगतात. कॉलर्पाची रचनाही मोठी विलक्षण आहे. तिच्या फांद्या, पाने, मुळे डोळ्यांना निरनिराळी दिसतात, तरी आतून पडदे नसलेली ती एकच लांबच लांब पेशी असते. पिशवीजिभ्या प्राणी तिच्या भिंतीला एका दाताने भोक पाडतो आणि आतला रस शोषून घेतो. चघळण्याचे काम नाही, म्हणून दाढांच्या अनेक रांगा नकोत. एक धारदार दात पुरतो. तामानोचा प्राणी हेच करीत होता. त्याचे दात, त्याचे अन्न, त्याचे डोके, त्याचा पाय, सारे एकच साक्ष देत होते. विरुद्ध बाजूला साक्षीदार एकटे कवच होते.

१९५९ साली कावागुती आणि बाबा यांनी ओकायामा विद्यापीठाच्या जीवशास्त्र नियतकालिकात या प्राण्याची प्राथमिक वार्ता प्रसिद्ध केली आणि त्याला ‘तामानोवाल्वा लिमॅक्स’ असे नाव दिले. वाल्वा म्हणजे लॅटिनमध्ये दाराचे कवाड. लिमॅक्स म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. ज्यांना अशक्य समजले जात होते ते दोन शब्द त्यांनी एका नावात शेजारी बसवले, आणि आरंभी आपले गाव ठेवले.

तरीही एक शंका उरली होती, आणि ती रास्त होती. हा प्राणी दोन वर्गांमधला दुवा तर नव्हे? दोनच वर्षांपूर्वी, १९५७ साली, डेन्मार्कच्या ‘गॅलेथिया’ सफरीत पॅसिफिकच्या खोल तळातून वर आलेल्या ‘निओपिलिना’ या प्राण्याचे वर्णन लेम्के यांनी प्रसिद्ध केले होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असे समजला गेलेला मृदुकायांचा एक वर्ग त्यामुळे जिवंत ठरला होता. एक पुरातन आश्चर्य नुकतेच पचवलेल्या पंडितांना दुसरेही पुरातनच असेल असे वाटणे स्वाभाविक होते. शंखापासून शिंपला कसा झाला, त्याचे उत्तर तामानोला रांगत तर नसेल?

या शंकेचे उत्तर प्राण्याच्या बाळपणात होते. कावागुती आणि त्यांचे सहकारी यामासू यांनी पुढील काळात या प्राण्याचे अन्न, त्याची अंडी, त्याची कवाडे मिटणाऱ्या स्नायूची घडण यांचा एकेक करून अभ्यास केला. खऱ्या शिंपल्याचे पिल्लू पाण्यात तरंगत असते तेव्हाच त्याला दोन चिमुकली कवाडे आलेली असतात. दोन कवाडे हा त्याचा जन्मजात वारसा आहे. तामानोचे पिल्लू मात्र अंड्यातून बाहेर येते ते इतर कोणत्याही समुद्रगोगलगायीच्या पिल्लासारखे, पाठीवर एकच पिळाचा सूक्ष्म शंख घेऊन. ते शैवालावर उतरते, त्याचे रूप पालटते, आणि तेव्हा कोठे दुसरे कवाड तयार होऊ लागते. तो बालपणीचा पिळदार शंख फेकून दिला जात नाही. मोठ्या झालेल्या प्राण्याच्या डाव्या कवाडाच्या टोकाशी तो तसाच चिकटून राहतो.

डावे कवाड म्हणजे जुना शंख वाढून पसरलेला. उजवे कवाड ही मागाहून आलेली भर. खऱ्या शिंपल्यांचा वंश तर पृथ्वीवर पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे आणि या प्राण्याच्या ज्ञात नातलगांचा इओसीन काळापर्यंत पोचतो. म्हणजे हा शिंपल्यांचा पूर्वज असणे शक्य नाही. तो गोगलगाय असून, शिंपल्यांशी काहीही नाते नसता, स्वतंत्रपणे दोन कवाडांपर्यंत पोचला. पक्षी उडतो आणि वटवाघूळही उडते. म्हणून त्यांचे कूळ एक होत नाही.

वार्ता जगभर पसरली तेव्हा जे घडले ते या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. लंडनमधील कॉक्स हे जीवाश्मांचे अभ्यासक होते. त्यांनी आणि रीस यांनी १९६० साली ‘नेचर’ साप्ताहिकात या प्राण्याची चर्चा केली, आणि क्रॉस यांचा पंचाऐंशी वर्षांपूर्वीचा पॅरिसचा जीवाश्म तामानोच्या प्राण्याशेजारी आणून ठेवला. बर्थेलिनिया ही शिंपला नव्हती. तीही दोन कवाडांची गोगलगायच होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट बर्न या हौशी अभ्यासकाने व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर कॉलर्पावर शोध घेतला आणि तेथे एडेंटेलिना जिवंत रांगताना सापडली. त्याच्या जोडीला आणखी एक नवी जात मिळाली. तिच्या वंशाला त्यांनी ‘मिदोरीगाय’ असे नाव दिले. मिदोरी म्हणजे जपानी भाषेत हिरवा, आणि गाय, म्हणजे काय, म्हणजे शिंपला. आपल्या कानांना त्यात गोगलगायीतली गाय ऐकू येते, परंतु तो केवळ योगायोग. १९६१ साली कॅलिफोर्नियाच्या मायरा कीन आणि ॲलिन स्मिथ यांनी डॉल यांची हिरवट ‘क्लोरिस’ याच कुळातली म्हणून मांडली. १९६२ साली ॲलिसन के या विदुषींनी हवाईमध्ये गूल्ड यांची ‘ज्युलिया’ जिवंत मिळाल्याचे जाहीर केले. बरोबर शंभर वर्षांनी ज्युलियाला डोके लाभले.

चार वर्षांत चार समुद्रकिनारे बोलू लागले. यांपैकी कोणतीही जात १९५९ साली नव्याने जन्मास आली नव्हती. कॉलर्पा तेथे होती, प्राणी तेथे होते, भरती-ओहोटी रोज होत होती. लोक शिंपले शोधीत होते म्हणून ते वाळूत पाहत होते. शैवालावर गोगलगाय शोधावी हे कळले तेव्हा ती मिळाली. आणखी एक गोष्ट. डाव्या कवाडाच्या टोकावरील तो पिळ खणातल्या सुक्या शिंपल्यांवरही होता, भिंगाखाली दिसण्याजोगा होता. पुरावा हाताशी होता; तो विचारावा असा प्रश्न हाताशी नव्हता. आम्ही इतिहासाचे वाचक आहोत, आणि दप्तरांच्या बाबतीतही असेच घडताना पाहतो. रुमाल तोच, कागद तोच. एखादा प्रश्न मनात घेऊन कोणी येतो, आणि त्या कागदातली एक ओळ पहिल्यांदाच वाचली जाते.

मग नावाचे काय झाले? प्राण्यांच्या नामकरणाचा नियम असा की, ज्याने आधी नाव दिले त्याचे नाव चालावे, मग त्याची समजूत चुकीची का असेना. त्यामुळे पुष्कळ अभ्यासकांनी तामानोच्या प्राण्याला क्रॉस यांच्या वंशात घालून ‘बर्थेलिनिया लिमॅक्स’ म्हटले. जिवंत जातींना त्या जीवाश्माच्या नावाखाली घालावे की त्यांचे वंश निराळे मानावे, यावर मतभेद होत आले आहेत. कुळाचे नाव मात्र स्मिथ यांनी शिंपल्यांच्या अहवालात दिलेलेच चालू आहे. शिंपला समजून दिलेले नाव आज गोगलगायीच्या वर्गात नांदते. कोणी म्हणेल, हा अन्याय आहे. आम्हांस तसे वाटत नाही. नाव ही ओळखीची खूण आहे, ज्ञानाचे प्रमाणपत्र नव्हे. गूल्ड आणि क्रॉस यांनी प्रामाणिकपणे वर्णन करून ठेवले म्हणूनच पुढच्यांना त्यांची चूक सापडली. वर्णनच वाईट असते तर चूकही सापडली नसती.

शास्त्राच्या दृष्टीने येथे पणाला काय लागले होते, तेही स्पष्ट करू. वर्गीकरण ही केवळ खण लावण्याची कला असेल, तर दोन कवाडांचे सारे एका खणात ठेवण्यात बिघडत काहीच नाही. उलट सोय होते. परंतु वर्गीकरण हे नाते सांगण्याचा दावा करीत असेल, तर एकाच ठळक लक्षणावर विसंबणे धोक्याचे असते, मग ते लक्षण कितीही जुने आणि सर्वमान्य असो. जे लक्षण जगण्याच्या सोयीने पुन्हा पुन्हा उत्पन्न होऊ शकते, ते कुळाची साक्ष देण्यास लायक नाही. माणसांच्या बाबतीतही वेषावरून, घराच्या दारावरून, आडनावावरून माणूस ओळखण्याची आपली सवय किती खोल आहे हे आपण जाणतोच. या इवल्या प्राण्याने ती सवय निदान एका शास्त्रापुरती सैल केली.

कावागुतींची कथा येथे संपत नाही. पिशवीजिभ्यांच्या मागे ते लागले ते लागलेच. या गटात कवच अजिबात टाकून दिलेले, पानासारखे दिसणारे ‘एलिसिया’ नावाचे प्राणी आहेत. ते हिरवे का, हा जुना प्रश्न होता. पोवळ्याप्रमाणे यांच्याही अंगात शैवालाच्या पेशी राहत असाव्यात, असा तर्क करणे सोपे होते. १९६५ साली कावागुती आणि यामासू यांनी एका एलिसियाच्या अंगाचे पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा शैवालाच्या सबंध पेशी तेथे नव्हत्याच. होती ती नुसती हरितकणांची साठवण. कोडियम नावाच्या शैवालातून शोषलेले, वनस्पतीचे अन्न शिजविणारे ते कण प्राण्याच्या स्वतःच्या पेशींत शाबूत होते. प्राण्याने झाड खाल्ले आणि त्याची चूल तेवढी राखून ठेवली, असा हा प्रकार. काही जाती उजेडाच्या आधारावर महिनोन्महिने उपाशी तगतात. त्या चुलीवर प्राण्याचे खरोखर किती पोट भरते, यावर अजून वाद चालतो. परंतु ती चूल तेथे आहे हे प्रथम पाहिले ते या दोघांनी. पालाऊच्या पोवळ्यांपासून निघालेली एक दृष्टी तामानोच्या शैवालावरून येथवर पोचली होती.

सेतो अंतर्समुद्राचे पुढे फार हाल झाले, हेही सांगितले पाहिजे. कारखान्यांचे सांडपाणी, भराव, तांबड्या पाण्याचे उद्रेक यांनी तो इतका गढूळ झाला की, जपानला १९७३ साली त्याच्या रक्षणासाठी खास कायदा करावा लागला. ज्या उथळ खडकांवर आणि शैवालांवर असले जीव राहतात, ती जागा भराव घालताना सर्वांत आधी जाते. कारण हिशेबाच्या वहीत ती पडीक म्हणून लिहिलेली असते.

आपला किनारा लांब आहे. रत्नागिरी, मालवण येथील खडकांवर ओहोटीच्या वेळी उभे राहिले तर डबक्यांत कॉलर्पा आपल्यालाही दिसते. मण्यांच्या झुपक्यासारखी एक, पिसासारखी दुसरी. पिशवीजिभ्या गटातले प्राणी भारताच्या किनाऱ्यांवर नोंदले गेले आहेत. आपल्या तरुणांपैकी ज्यांना समुद्राची ओढ आहे त्यांना आमची एवढीच विनंती आहे: शिंपले वेचून बरणीत भरण्याचा छंद चांगला आहे, तो सोडू नका; परंतु एखाद्या दिवशी हाती काही न घेता डबक्याशेजारी उकिडवे बसा आणि भरतीचे पाणी पायाशी येईपर्यंत एकाच झुपक्याकडे पाहत राहा. जे हिरवे हलेल, ते पान आहे की प्राणी, हे आधी ठरवू नका. ते पुढे सरकू द्या, डोके बाहेर काढू द्या. खडक उलटा केलात तर जाताना तो पुन्हा होता तसा ठेवा, कारण त्याच्याखाली कोणाचे तरी घर आहे आणि या खेपेस घरधनीही आत असण्याचा संभव आहे.